जिथं बाई चहाला उठली

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. चैतात सकाळी मोहाच्या झाडाखाली जाऊन पाहा. कोणी फांदी हलवलेली नसते, तरी खाली फुलांचा सडा पडलेला असतो. आमच्या ऑफिसाचं तसंच होतं. दोन महिने मुदत, दोन कॉम्प्युटर, एक पुण्याचे सर, एक भद्रावतीची पोरगी, गडचिरोलीहून दिवसातून पाचदा फोन करणारे एक साहेब, आणि मी. एवढ्या मालमसाल्यावर किस्से पडणार नाहीत तर काय पडेल?

दोन हजार सात-आठच्या आसपासची गोष्ट. ऑफिस कुरखेड्याला, दोन खोल्या, वर कौलं. काम असं, की खेड्यापाड्यात आरोग्याचं पाहणाऱ्या बायांसाठी बारा धड्यांचा ऑनलाइन कोर्स बनवायचा. हगवण, ताप, बाळंतपण, साप चावणं, सगळं त्यात. बायांनी ऑफिसाच्या बाजूच्या सेंटरवर यायचं, कॉम्प्युटरवर शिकायचं आणि शेवटी परीक्षा द्यायची. वीसपैकी पंधरा मार्क पडले तर नाव यादीत राहणार. नाही पडले तर तिच्या जागी दहावी पास पोरगी.

यात सगळ्यात जास्त धोका कोणाला? आमच्या गावच्या जनाबाईला. माझी दोन्ही पोरं तिच्या हातची. धाकटा पायाळू आला, दवाखान्याची गाडी नाल्यापलीकडे अडकलेली. जनाबाईनं त्याला सोडवला, पुसला, माझ्या छातीवर ठेवला आणि म्हणाली, "घे, आता रड तू." शिक्षण दुसरी. अक्षराला अक्षर लावून वाचते.

म्हणून मी पहिल्याच दिवशी ठरवलं. हा कोर्स जनाबाईला समजला नाही, तर बनवणाऱ्यांना मी समजावीन!

*

मला ठेवलं होतं झाडू आणि चहासाठी. चौथी पास बाईला ऑफिसात दुसरं काय देणार? कॉम्प्युटरपुढे बसायची पाळी आली ती अमोल सरांमुळे. हे पुण्याचे सर. वय सव्वीस, चष्मा जाड, कोर्स कसा बांधायचा याचं शिक्षण घेऊन आलेले. त्या विद्येला लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते उच्चारताना सर स्वतःच मधे श्वास घ्यायचे.

पहिला धडा तयार झाला तशी त्यांनी हाक मारली, "मावशी, जरा येता का?"

"मी तुमच्या मायची बहीन हाय का? बाई म्हना."

"बाई, हे वाचून सांगा, कळतंय का."

बसले. पडद्यावर अकरा ओळी. 'या घटकाच्या अखेरीस प्रशिक्षणार्थी पुढील बाबी साध्य करू शकतील.' दोन ओळी वाचल्या, तिसरी अर्धी वाचली आणि उठून स्टोव्हवर आधण ठेवलं.

"काय झालं? का उठलात?"

"चहा ठेवून राह्यली."

"मी चहा मागितला नव्हता."

"मले बी ते वाचाचं नोयतं. हे कोन बोलते, कोनाले बोलते, काऊन बोलते? तिघं बी कुठी दिसत नाईत."

दुसरा असता तर रागावला असता. सरांनी वही काढली आणि लिहिलं: 'तिसरी ओळ. बाई चहाला उठल्या.' मग सगळा धडा माझ्याकडून वाचून घेतला. जिथं मी उठले, तिथं लाल खूण. लाल खूण पडली की तो पडदा मोडायचा, नवा बांधायचा.

त्या दिवसापासून ऑफिसात धड्याची मोजणी चहात व्हायला लागली. रंजना, म्हणजे चित्रं काढणारी भद्रावतीची पोरगी, संध्याकाळी विचारायची, "सर, चौथा धडा कसा झाला?"

सर पोटावर हात ठेवून सांगायचे, "सात चहा."

पुढे पुढे धडे सुधारत गेले. बाराव्या धड्याला तर मी सकाळी दहाला बसले ते एकदम जेवणाच्या वेळेला उठले. सर आनंदानं नाचायचेच बाकी होते. तेवढ्यात रंजना आतून ओरडली, "सारं मान्य हाय, पन आज आमाले चहा भेटनार हाय का नाई?"

*

साहेबांना घाई फार. वर कोणालातरी शब्द दिला होता म्हणे. एक दिवस स्वतः आले. हातात जाडजूड पुस्तक, टेबलावर आदळलं.

"अमोल, दोन महिने कशाला लागतात? हे पुस्तक आहे ना तयार! तीनशे पानं. पडद्यावर टाका. पंधरा दिवसांत कोर्स!"

सर बिचारे समजावायला लागले. आधी शिकणारी बाई कोण ते पाहावं लागतं, तिला काय करता यायला हवं ते ठरवावं लागतं, एका वेळी एकच गोष्ट द्यावी लागते, मग करून बघायला जागा ठेवावी लागते. साहेब मान हलवत होते आणि घड्याळ पाहत होते.

मला राहवलं नाही. "साहेब, तांदूळ अन् भाताचा गंज एका ठिकानी ठेवले म्हनजे भात होते का?"

साहेब वळले. "या कोण?"

"मी चहावाली."

सर पुटपुटले, "परीक्षकसुद्धा."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, घाईनं आंधळा झाला होता एवढंच. म्हणाले, "बरं बाई, मग भाताला किती वेळ लागतो तेच सांगा."

"आधण आलं असन तं वीस मिनिटं. कोनी दिवसातून पाच खेपा झाकन काढून पाह्यलं तं कधीच नाई."

दुसऱ्या दिवशी फोन एकदाच आला. तिसऱ्या दिवसापासून परत पाच!

*

हगवणीच्या धड्याला चित्र पाहिजे होतं. वेळ नव्हता, म्हणून सरांनी सीडीतून तयार फोटो घेतले. जनाबाई त्या दिवशी बाजाराला आली होती, तिला मी बसवलं. पडद्यावर लिहिलेलं: 'अशक्त बालक.' खाली सोनेरी केसांचं, गालाला वळ्या पडलेलं गोरंपान लेकरू.

जनाबाईनं पदर तोंडाला लावला. "शेवंते, हे कमजोर हाय?"

"तसं लिवलं हाय खरं."

"आमच्या सरपंचाचा नातू बी याच्या आर्धा नाई. मंग आमच्या गावात सारीच लेकरं मेलेली धरू का?"

सरांच्या वहीत लाल खूण! रंजनाला कॅमेरा देऊन गावात धाडलं, खरे फोटो आण म्हणून. पोरगी संध्याकाळी परत आली तर कॅमेऱ्यात पन्नास लेकरं. एकेकाचे केस तेल लावून चापून बसवलेले, गालाला तीट, अंगावर लग्नाचे कपडे. फोटो काढणार म्हटल्यावर कोणती माय आपलं आजारी लेकरू पुढं करेल?

रंजना रडकुंडीला आली. "सर, त्या गावात एकबी जन आजारी नाई!"

देव कुठून मदत करेल सांगता येत नाही. त्याच हप्त्यात सरांनी कोणाच्या तरी घरी मोहाचे लाडू खाल्ले. एक खायचा असतो, यांनी सहा खाल्ले. वरून उन्हात पाटाचं पाणी प्याले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कमी आणि मागच्या परसात जास्त! दुपारपर्यंत डोळे खोल, ओठ कोरडे, चेहरा सुकलेल्या कारल्यासारखा. मी मीठ-साखरेचं पाणी करून ग्लास पुढे धरला, आणि तेवढ्यात खट्ट आवाज झाला.

रंजनानं फोटो काढला होता. "सर, हलू नोका. असा पेशंट पुन्हा नाई भेटनार!"

तिसऱ्या धड्यात तोच फोटो लागला. खाली लिहिलं: 'डोळे खोल गेले का ते पाहा. ओठ पाहा.' त्यापेक्षा चांगलं चित्र कोणत्या पुस्तकात नसेल. फक्त एक झालं. ज्या बाया शिकायला यायच्या, त्या तिसरा धडा संपल्यावर बाजूच्या खोलीत डोकावून जायच्या. एकीनं तर दारात उभं राहून मलाच विचारलं, "बाई, ते सर वाचले का जी?"

सर समोर बसूनच टायपिंग करत होते.

*

धड्याला आवाज आधी पुण्याहून आला होता. गोड बाई. 'आपण आपले हात साबणाने स्वच्छ धुवावेत.' आमच्या बाया आदरानं ऐकायच्या, "हो जी" म्हणायच्या आणि हात न धुता भाकर खायला बसायच्या. पाहुण्या बाईचं कोण मनावर घेतं?

मग सर म्हणाले, "बाई, आवाज तुम्हीच द्या."

सरांनी कागद लिहून दिला. चुकीचं उत्तर दिलं तर म्हणायचं: 'आपले उत्तर योग्य नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करावा.'

मी कागद परत दिला. "हे मी नाई म्हनत."

"का?"

"उद्या सूनबाईनं दुधात मीठ टाकलं तं मी असं म्हनीन का? मी म्हनीन, थांब वं! काय करून राह्यली? अन् मंग सांगीन, असं नाई, असं कर."

सरांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग यंत्र चालू केलं आणि म्हणाले, "म्हणा. जसं घरी म्हणता तसं."

तसंच म्हटलं! प्रत्येक चुकीच्या उत्तराला माझा एक दम, आणि दमाच्या मागं कारण. नुसता दम द्यायला काय, कुत्र्यालाही देता येतो. काऊन चुकलं ते सांगितलं तरच तो दम कामाचा.

सगळं भरत आलं होतं. तापाचा धडा चालला होता, मी मच्छरदाणीवर आले होते, आणि खिडकीतून शेजारच्यांचा कोंबडा आरवला. ऐन मधे! पुन्हा भरायचं तर लाइट गेलेली. चंद्रपुरात वीज बनते आणि आमच्यापर्यंत येता येता थकते. मुदत जवळ आलेली. सर म्हणाले, राहू द्या कोंबडा.

आणि काय झालं सांगते. बायांना तापाचाच धडा सगळ्यात पक्का झाला! "गोळ्या किती दिवस?" विचारलं की सांगायच्या, "ते कोंबड्याच्या आधी येते." "मच्छरदाणी?" "कोंबड्याच्या मागून."

साहेबांपर्यंत ही बातमी गेली. त्यांचं पत्र आलं. 'स्मरणखूण म्हणून पक्ष्याच्या आवाजाचा कल्पक वापर केल्याबद्दल अभिनंदन. उर्वरित सर्व धड्यांतही हा उपक्रम राबवावा.'

सर डोकं धरून बसले. मग म्हणाले, "बाई, शेजारी जाऊन विचारा, कोंबडा अर्ध्या दिवसासाठी देतात का."

"कोन्ता कोंबडा? रविवारी तुमी दोन खेपा रस्सा मांगून खाल्ला, तो कोन होता?"

त्यामुळे बाराही धड्यांत तोच एक आवाज चिकटवला, आणि परीक्षेतल्या प्रत्येक चुकीच्या उत्तरामागेही. मेल्यावर एवढं आरवलेला कोंबडा आमच्या जिल्ह्यात दुसरा नाही.

*

सेंटरवर पाच कॉम्प्युटर. नेट असं, की चित्र उतरायला लागलं की बाई घरी जाऊन धान कांडून यावी. म्हणून चित्रं आणि आवाज सीडीवरून आधीच आत भरून ठेवले, आणि फक्त उत्तरं नेटवरून जायची. ही अक्कल रंजनाची.

पहिल्या पाच बाया बसल्या. त्यात जनाबाई होती. सरांनी सांगितलं, "ज्याच्या त्याच्या गतीनं पुढे जायचं. वाचून झालं की 'पुढे' दाबा. कोणासाठी थांबायचं नाही."

चार बायांचं पहिलं पान झालं. कोणी दाबेना. हात मांडीवर ठेवून बसल्या. जनाबाई बोट लावून वाचत होती. तिचं झालं, तिनं दाबलं, आणि चौघींनी एकदम दाबलं. दुसऱ्या पानाला तेच. तिसऱ्याला तेच.

सरांना वाटलं कॉम्प्युटर अडकले. वाकून तारा पाहायला लागले.

"सर, तारा सोडा," मी म्हटलं. "पंगत बसली हाय."

"काय?"

"पंगतीत मोठ्या मानसाचं होत नाई तवरक कोनी उठते का? तुमच्या पुन्यात उठतात?"

सर टेबलाखालूनच म्हणाले, "खरं तर उठतात."

"म्हनूनच तुमी असे सुकलेले!"

सरांनी पुस्तकातली 'ज्याची त्याची गती' बाजूला ठेवली आणि धडे पाच-पाच बायांच्या पंगतीसाठी बांधले. एका पानावर काय वाचलं ते एकमेकींना सांगायचं, मग पुढे. जनाबाईचं वाचन सावकाश, पण सांगण्यात तिचा हात कोण धरणार? एकीनं विचारलं, "नाळ कापाचं ब्लेड उकडाचं काऊन?" तर जनाबाईनं अर्धा तास असं सांगितलं, की रंजना चित्र काढायचं सोडून दारात येऊन बसली.

*

आता तो दिवस, ज्या दिवशी सर जेवले नाहीत.

सहा धडे झाल्यावर सरावाची चाचणी घेतली. दहा प्रश्न. जनाबाईच्या पंगतीचा निकाल आला: शून्य, शून्य, एक, शून्य, शून्य.

सरांचा चेहरा तिसऱ्या धड्यातल्या फोटोसारखा झाला. "संपलं," म्हणाले. "बाई, काहीच पोचलं नाही. नुसते डोळे झाकून दाबले असते तरी दोन-तीन आले असते."

माझं काळीज हललं. सरांसाठी नाही, जनाबाईसाठी. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. मी तरातरा गेले तिच्याकडे. बाहेर पारावर बसून भाकर खात होती. हात धुतलेले.

"जनाबाई, लेकराले हगवन लागली तं दूध बंद कराचं का चालू ठेवाचं?"

"चालू ठेवाचं. हे काय इचारनं झालं?"

"मंग तिथी बंद कराचं काऊन दाबलं?"

ती माझ्याकडे असं पाहायला लागली, जसं काही मीच बुद्दू आहे. "शेवंते, बरोबर दाबलं तं ते नुसतं 'शाब्बास' म्हनते अन् चालते होते. चूक दाबलं तं तू येतं, कल्ला करतं अन् सारं समजावून सांगतं. मंग आमी शिकाचं कुठून, शाब्बासीतून?"

एकीनं ही युक्ती काढली होती आणि पंगतीनं चालवली. तिसरीचं बोट चुकून बरोबरवर पडलं, तर तिला बाकीच्या म्हणाल्या, "गेला तुहा धडा वाया!"

मी येऊन सरांना सांगितलं. मग त्यांनी वही काढली आणि त्या दिवशी एवढं लिहिलं, की लाल पेन संपला. बरोबर उत्तरामागंही 'काऊन बरोबर' हे जोडलं. मी रात्रंदिवस नाही, पण गळा बसेपर्यंत बोलले.

एवढं करूनही जनाबाई चूकच दाबायची. "चूक पाहून ठेवलेली बरी," म्हणे. "गावात लोक तेच करतात."

*

परीक्षेचा दिवस. मे महिना, कौलं तापून लाल. साहेब आले, सोबत फोटोवाला. जनाबाईच्या पंगतीचा फोटो पेपरात द्यायचा होता.

परीक्षेला वीस प्रश्न, चाळीस मिनिटं. वेळ संपायच्या आत 'जमा करा' नाही दाबलं, तर सगळेच मार्क शून्य. बरोबर उत्तराला कॉम्प्युटरनं काही बोलायचं नाही, पुढचा प्रश्न द्यायचा. चुकीच्या उत्तराचा माझा आवाजही काढायचा होता, पण घाईत तो काढायचा राहून गेला, हे सरांना सकाळी आठ वाजता आठवलं. म्हणजे ज्या बाईचं चुकणार, तिच्या कॉम्प्युटरातून मी सगळ्या खोलीत बोंबलणार!

दारातच मी जनाबाईचा हात धरला. "आज चूक दाबशीन तं याद राख. यादीतून नाव जाईन."

"बरं."

"शपथ घे."

"तुह्या धाकट्याची घेऊ का? तो बी माहाच हाय."

बसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. कान पाचही कॉम्प्युटरांकडे. पाचव्या प्रश्नाला पहिल्या बाईकडून माझा आवाज आला, "थांब वं!" आणि मागून कोंबडा. साहेब दचकले. आठव्याला तिसरीकडून. बाराव्याला पुन्हा पहिलीकडून. जनाबाईकडून काही नाही. ती बोट लावून वाचते, ओठ हलवते, दाबते. मी मोजत होते. चौदा. सोळा. माझा आवाज नाही. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तोंड बंद राहावं म्हणून मी नवस बोलले.

एकोणीस प्रश्न झाले, एक आवाज नाही. चौघींचं संपलं. चौघी 'जमा करा'वर बाण ठेवून, हात मांडीवर घेऊन बसल्या. घड्याळात सहा मिनिटं उरलेली.

साहेब म्हणाले, "यांचं झालंय ना? मग दाबत का नाहीत?"

पहिली म्हणाली, "जनाबाईचं व्हाचं हाय जी."

"अहो, वेळ संपला तर तुमचे सगळ्यांचे मार्क जातील!"

"जातीन तं जातीन. ते उठली नाई अजून."

पाच मिनिटं. सरांनी डोळे मिटून घेतले. जनाबाईपुढे विसावा प्रश्न: 'शेतात माणसाला पायाला साप चावला. तुम्ही पहिल्यांदा काय कराल?' खाली चार उत्तरं. ती पाहत बसली. मान वर केली आणि साहेबांनाच विचारलं, "कोन्या महिन्यात चावला जी?"

"महिन्याचा काय संबंध?"

"उन्हाळा असन तं बैलगाडी नाल्यातून सिधी जाते. आखाडात नाल्याले पूर रायते, मंग बाजेवर घालून पुलाकडून न्या लागते, चौघं लागतात खांद्याले. कोनाकोनाले हाका मारू ते पाहून राह्यली."

"बाई, उत्तर दाबा! चार मिनिटं राहिली!"

"मानूस मरून राह्यला साहेब, मले इचार तं करू द्या."

फोटोवाल्यानं घड्याळ पाहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "अहो, इतकं सोपं आहे!" असं म्हणून ते वाकले, जनाबाईच्या हाताखालून माउस घेतला आणि पहिलं उत्तर दाबलं: 'चावल्याच्या वर दोरी घट्ट आवळून बांधणे.'

खोली दणाणली.

"थांब वं बाई! काय करून राह्यली? दोरी आवळशीन तं पाय सडन त्याचा! धीर दे त्याले. चालू देऊ नोको, हलू देऊ नोको. बाजेवर घाल अन् सिधा दवाखान्यात ने. समजलं का? का अजून सांगू?"

आणि मग कोंबडा.

साहेब हळूहळू वळले. दारात मी, हातात ट्रे. मी ट्रे सावरला. जे सांगायचं होतं ते मी आधीच सांगितलं होतं.

जनाबाईनं माउस परत घेतला. 'जमा करा' दाबलं. चौघींनी एकदम दाबलं. घड्याळात दोन मिनिटं होती.

रंजनानं निकाल वाचला. अठरा, वीस, एकोणीस, वीस. आणि जनाबाई, एकोणीस.

साहेबांनी घसा खाकरला, रुमालानं मान पुसली आणि सरांना हळूच म्हणाले, "अमोल, तो एक प्रश्न... तिचा धरू नका. वगळता येतो का बघा."

सर काही म्हणणार, तेवढ्यात जनाबाई खुर्चीवरून उठली. चौघी उठल्या. तिनं पदर सारखा केला, माझ्या ट्रेमधला एक कप उचलला आणि साहेबांच्या हातात दिला.

"राहू द्या जी, माह्याच नावावर राहू द्या. पयल्या खेपेले कोनाचं बी चुकते. सोमवारी या तुमी, आमच्या पंगतीत बसवतो."